सोळा पलिते

उम्म अल कुवैनच्या खाडीत खारफुटी आहे,
म्हणून सिनेमावाल्यांना ती दलदल वाटली
दूर अमेरिकेच्या दक्षिणेतली.
चिखल मात्र टँकरने आणावा लागला.
मी प्लायवूडचं चर्च उभं केलं नऊ दिवसांत,
मागून उघडं, जळायला सोपं.
क्रूसाला गुण्या लावून बघितला,
कारण जळणारं असलं तरी वाकडं नको,
हे बापाचं म्हणणं.

गोष्ट अशी की काळ्या माणसांना
मतदारयादीत नाव घालायला शिकवणारा एक मास्तर
रात्री रस्त्यात अडवून मारला जातो.
हे पहिल्या सहा मिनिटांत उरकतं.
मग दोन तास एक गोरा अधिकारी
खिन्न होतो, कॉफी पितो, काचेवरचा पाऊस बघतो.
पाऊसही टँकरचाच.

मास्तर झाला वास्वा,
गोदामाच्या फाटकावरचा युगांडाचा रखवालदार.
जुळ्यातला थोरला म्हणून वास्वा.
धाकटा कातो तिकडे मसाकाला, गॅरेजात.
एकशे वीस दिरहम रोज, मरण्याचे.
अकरा वेळा मेला.
दर वेळी कुणीतरी ओरडायचं, छाती हलतेय!
आणि वास्वा चिखलात तोंड खुपसूनच म्हणायचा,
सॉरी सर.
हेच त्याचं सगळं बोलणं,
आणि तेही सिनेमात ठेवलं नाही.

पलिते सोळा हवे होते.
रोमेलने काठ्या दिल्या, गोणपाट दिलं,
म्हणाला, कसे बांधतात ते मोबाइलवर बघून घे.
मी बघितलं नाही.
चिंधी आधी भिजवून पिळायची,
मग तिरपी गुंडाळायची, वर तार दोन पदरी.
टोकाला गाठ नको, गाठ आधी जळून सुटते.
तेल शेवटी. मुठीवर ठिबकता कामा नये.
हात आपोआप चालले.
वा, रोमेल म्हणाला, कुठं शिकलास?
घरी, म्हणालो.

घरी.
नऊ वर्षांचा होतो.
विद्यापीठाच्या नावावरनं जिल्हा पेटलेला.
आमच्या पडवीत माणसं बसली होती चहाला,
नेहमीचीच, ज्यांच्या गाड्यांचे आरे बाप बसवायचा.
बापाने काठ्या तासून दिल्या, गुळगुळीत,
कुणाच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून.
मी तार धरली होती.
रात्री वस्तीकडे उजेड झाला.
आईने खिडकी लावली,
म्हणाली, झोप, होळी असंल.
श्रावण चालू होता.

वस्तीतला लिंबाजी, जो सगळ्यांना अर्ज लिहून द्यायचा,
ज्याने शाळेच्या भिंतीवर गेरूने नवं नाव लिहिलं होतं,
तो तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडला.
पंचनाम्यात आलं : अज्ञात जमाव.
जमावातल्या एकूण एकाचं नाव
बापाच्या वहीत होतं,
उधारीसकट.

सिनेमा लागला तेव्हा शारजाच्या मॉलमध्ये गेलो,
वास्वा आणि मी, सुट्टी जुळवून.
वास्वा चार सेकंद दिसतो, पालथा.
कातोनेही ओळखला नसता.
तेवढ्यात कॅमेरा अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर जातो
आणि तिथंच राहतो.

माझे पलिते मात्र पडदाभर.
ओळीने आले अंधारातनं, सोळाच्या सोळा,
एकही ठिबकला नाही.
वास्वा कानाशी वाकून म्हणाला,
छान बांधलेत.

शेवटी नावं सरकायला लागली.
कॉफी देणाऱ्याचं, ड्रायव्हरचं,
अधिकाऱ्याच्या कुत्र्याला शिकवणाऱ्याचं.
वास्वा पुढे सरकून वाचत होता ओठ हलवत.
त्याचं नव्हतं.
मग सुतारकाम या शब्दाखाली, बारीक अक्षरांत :
बी. पांचाळ.
आमच्या घराण्याचं नाव
पहिल्यांदाच कुठंतरी
आगीपाशी लिहिलेलं.

वास्वाने आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली.
त्याला मी काहीच सांगितलेलं नाही.